पाठीला पाठ

"मागची बाजू दाखवा," हेडक्लार्क म्हणाले.

सूनबाईने प्रमाणपत्र उलटं केलं. मागे तिची पदवी होती.

"ही पदवी झाली. मला नोंदणीची मागची बाजू हवी."

तिने पुन्हा उलटं केलं. नोंदणीची पुढची बाजू आली.

"मागची हो, बाई, मागची!"

तिसऱ्यांदा उलटलं, तर पुन्हा पदवीच. सूनबाईने शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. सासरेबुवा कौतुकाने त्या चकचकीत प्लॅस्टिककडेच बघत होते.

"बाबा, हे काय केलंत?"

"लॅमिनेशन. कालच करून आणलं. दोन सुटे कागद असले की एखादा हरवतो. आता हरवायचेच असतील तर दोघांना एकदम हरवावं लागेल!"

सासरेबुवांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली होती. तीस वर्षं त्यांनी माणसांची वाळवीने खाल्लेली कागदपत्रं पाहिली होती. सुनेच्या बाबतीत ते वाळवीला संधी देणार नव्हते, म्हणून दोन्ही कागद पाठीला पाठ लावून त्यांनी एकाच प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करून टाकले.

आणि नेमकं नोंदणीच्या पाठीवर होतं सगळं. सरकारी दवाखान्यात स्पीच थेरपिस्ट व्हायचं तर पदवी हवी, इंटर्नशिप हवी, अनुभव हवा आणि परिषदेची नोंदणी हवी, तीही चालू. दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचा शिक्का मारायचा तो नोंदणीपत्राच्या मागे. पुढून पाहिलं तर सूनबाईची नोंदणी केव्हाच संपली होती.

"मी गेल्या वर्षीच शिक्का मारून आणलाय, साहेब. खरंच!"

"खोटं कोण म्हणतंय? पण मला दिसला पाहिजे." हेडक्लार्कनी घड्याळाकडे पाहिलं. "तीन वाजलेत. पाचला यादी बंद. मग जागा प्रतीक्षा यादीला."

प्रतीक्षा यादी म्हणजे कोपऱ्यातल्या बाकावर बसलेली मुलगी. दोन नंबर. मांडीवर फाइल घट्ट धरून ती मघापासून ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती. जागा एकच. सूनबाईने सहा वर्षं कंत्राटावर काढली होती, दर अकरा महिन्यांनी हातात नारळ. अडखळणाऱ्या पोराची गाडी कुठे रुळावर यायची, की हिचं कंत्राट संपायचं. कायमची जागा आज पहिल्यांदा हाताशी आली होती, आणि वर प्लॅस्टिक होतं.

परिषदेला फोन लावला. तिथे एक बाई फार गोड आवाजात, सगळे अधिकारी कामात आहेत असं सांगत होत्या. त्या रेकॉर्ड केलेल्या निघाल्या. वेबसाइट दुरुस्तीसाठी बंद. मग सासरेबुवांनी टेबलावरचा कटर उचलला आणि कोणी हां-हां म्हणायच्या आत कोपरा सोलला. प्लॅस्टिकबरोबर विद्यापीठाच्या बोधचिन्हाचा पाव भाग उठून आला.

"फाटलेलं मूळ प्रमाणपत्र चालत नाही," हेडक्लार्क शांतपणे म्हणाले. "अजून चालेल. पण आणखी सोलू नका."

"चहाच्या किटलीची वाफ दिली तर?" सासरेबुवांचा आवाज आता बारीक झाला होता.

"बाबा, तुम्ही हात खिशात ठेवा बघू."

"बोलायला शिकवायला एवढे कागद लागतात," हेडक्लार्क उसासून म्हणाले, "आमच्या घरी सगळे बिनकागदाचेच बोलतात. थांबत नाहीत."

"एक्स-रे!" कोपऱ्यातून आवाज आला. दोन नंबर उठून उभी राहिली होती. "म्हणजे, एक्स-रे बघायची ती दिव्याची पेटी. तिच्यावर ठेवलं तर आरपार दिसेल ना?"

हेडक्लार्क उठलेच. सूनबाईला भरूनच आलं. स्वतःच्या पोटावर पाय देऊन दुसऱ्याला मदत करणारी माणसं अजून आहेत तर!

दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागात मिरवणूकच गेली. पुढे हेडक्लार्क, मागे सूनबाई, दोन नंबर, शेवटी खिशात हात घातलेले सासरेबुवा.

"पेशंट कुठाय?" एक्स-रेवाल्या दादांनी विचारलं.

"हा," हेडक्लार्कनी प्रमाणपत्र पुढे केलं.

दिवा लागला. पदवी, नोंदणी आणि कुलगुरूंची सही यांचं एक कालवण दिसू लागलं. त्यात जांभळा शिक्का होता खरा, पण उलटा. पालटून ठेवलं, तर पदवीची ठळक अक्षरं वर येऊन तो पारच बुडायचा; म्हणून पुन्हा नोंदणीची बाजू वर केली. सूनबाईने पर्समधून आरसा काढला. 'स' म्हणताना जीभ कुठे लागते ते ती मुलांना त्यात दाखवायची. आरशात शिक्का सुलटा झाला.

"'पर्यंत वैध'... आणि साल?" हेडक्लार्क पेटीला नाक लावून म्हणाले. "शेवटचा आकडा कुलगुरूंच्या सहीत अडकलाय. शून्य असेल तर संपली. नऊ असेल तर चालू."

हात मोडलेला एक गृहस्थ आपला नंबर सोडून बघायला आला. "शून्य वाटतं," तो म्हणाला.

"नऊ आहे!" दोन नंबर ओरडली. "आरसा जरा तिरपा करा. अजून. ती बघा शेपटी! शून्याला शेपटी असते का कधी?"

शेपटी होती. नऊच होता.

"दिसला," हेडक्लार्क म्हणाले. "आता मला हे लेखी द्या."

एक्स-रेवाल्या दादांकडे एकच छापील फॉर्म होता, पेशंटचा; त्यांनी तोच भरला. वय: सहा वर्षं. तक्रार: मागचं दिसत नाही. निष्कर्ष: नूतनीकरणाचा शिक्का स्पष्ट, डाव्या कोपऱ्याला किरकोळ इजा. एक्स-रे विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हसू दाबत सही ठोकली. गोल शिक्का पाहताच हेडक्लार्कचा चेहरा उजळला. खरा कागद तो हाच, असं वाटून वरच्या मजल्यावर कचेरीत परतताच त्यांनी तो फाइलमध्ये सर्वांत पुढे लावला.

"सोमवारी रुजू व्हा."

सासरेबुवांनी खिशातले हात काढून डोळ्यांना लावले. "चुकलो गं पोरी."

"असू द्या, बाबा. वाळवी तरी नाही ना लागली!" असं म्हणून ती हसली, आणि सहा वर्षांनी खांदे सैल सोडून बसली.

दोन नंबर मात्र जिन्याकडे निघाली होती. सूनबाई मागे धावली. "अगं थांब! माझ्यासाठी तू एवढं केलंस..."

"तुमच्यासाठी?" ती गोंधळली. मग तिने खाली डोकावून आवाज उतरवला. "ताई, माझं स्वतःचं क्लिनिक आहे. तीन खोल्या, अठरा मुलं. नंबर लागला तर ते बंद करायचं, असं माझ्या बाबांनी बजावलंय. सरकारी नोकरीपुढे त्यांना काही दिसत नाही. तुम्ही ते प्लॅस्टिक दाखवलंत ना, तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. सारखी म्हणत होते, हिचं होऊ दे, हिचं होऊ दे!"

दोघी कठड्याला टेकून पोट धरून हसल्या.

"माझे बाबा खाली बाकावर बसलेत," ती डोळे पुसत म्हणाली. "चेहरा पडलेला दिसतोय का माझा?"

सूनबाईने धंद्याच्या नजरेने निरखलं. "नाही. ओठांचे कोपरे खाली घे. अजून. खालचा ओठ किंचित पुढे. हां! आता आवाज पोटातून नको, नुसता घशातून. म्हण: नाही लागला."

"नाही लागला."

"छान. अगदी रडवेला."

दोन नंबर जिना उतरायला लागली. एकेक नाही, दोन-दोन पायऱ्या. शेवटच्या तीनवर आल्यावर तिला आठवलं, आणि तिथून ती फार जड पावलांनी उतरली.