धोका आत, बाळ बाहेर

नातवाच्या सुरक्षेसाठी सेफ्टीसाहेबांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ते स्वतः रांगले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, बनियनवर, कानामागे पेन्सिल खोचून, सोफ्यापासून थेट स्वयंपाकघरापर्यंत. बिस्किटांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून काढली होती. धोका ज्याला होणार त्याच्या उंचीवरून धोका बघायचा, हा त्यांचा नियम.

"अहो, उठता येईल का?" टेबलाखाली वाकून बायकोनं विचारलं.

"आत्ता नको. इथे एक खिळा सापडलाय."

"खिळ्याचं नाही, मी गुडघ्यांचं विचारतेय."

प्रकरण गंभीर होतं. सोमवारपासून लेक पुन्हा कामावर रुजू होणार होती. अकरा महिन्यांचा ढब्बू दिवसभर राहणार कुठे, आजोळी की लेकीच्या सासूबाईंकडे? सासूबाई, म्हणजे साहेबांच्या विहीणबाई, दोन गल्ल्या सोडून राहायच्या. शाळेत कवायत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आवाज मात्र अजून मैदानावरच होता. शेवटी लेकीनं तोडगा काढला: ज्याचं घर जास्त सुरक्षित, तिथे ढब्बू. शनिवारी पाहणी. विहीणबाईही पाहणीला येणार, म्हणजे खोड काढायला.

साहेबांना ढब्बू हवाच होता. लेकीनं पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा साहेब कारखान्यात मैदा मळायच्या यंत्राला जाळी बसवत होते. पुढच्या सगळ्या पावलांना ते हजर होते, पण पहिलं ते पहिलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना सांगता यायचे ते फक्त नियम.

चार दिवसांत घराचं रूप पालटलं. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लागला, प्लगांना झाकणं लागली, खण जाम झाले. सुऱ्या, कात्र्या, पक्कड, पेचकस सगळं स्वयंपाकघरातल्या एका लोखंडी कपाटात गेलं आणि कपाटाची किल्ली हॉलमधल्या माळ्यावर. घराच्या दाराला अगदी वर, आतून, नवी कडी आली. पण मानाचा तुरा म्हणजे स्वयंपाकघराचं दार. वेल्डरकडून करून घेतलेलं, चौकटभर उंच, लोखंडी, आणि जाळी अशी बारीक की ढब्बूचं बोट सोडाच, मुंगीलाही अंग चोरून जावं लागावं. वर दणकट स्प्रिंग. दार आपटलं की हॉलच्या बाजूची खिट्टी आपोआप पडायची.

"माणूस विसरतो, स्प्रिंग विसरत नाही," साहेब म्हणाले.

"आणि आतून खिट्टी का नाही?"

"आत धोका असतो. धोक्याच्या हातात खिट्टी द्यायची नसते."

"आत मी असते!"

"तेच म्हणतोय मी."

दार बसल्यापासून बायकोनं त्यात कुकर आडवा लावून दिवस काढले. शनिवारी सकाळी साहेबांनी तो उचलला. "पाहणीच्या दिवशी दार कुकरवर चालतंय हे दिसता कामा नये."

लेक, ढब्बू आणि विहीणबाई बरोबर दहाला आल्या. साहेबांनी कडी लावली, सगळ्यांचे फोन टोपलीत घेतले आणि टोपली हॉलमधल्या माळ्यावर ठेवली. "वायर तोंडात जाते," त्यांनी कारण दिलं. विहीणबाईंनी भिंतीवरून बोट फिरवलं, खण ओढून पाहिले, प्लगांची झाकणं नखानं उचकटून पाहिली. काही हाती लागेना, तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"आता खरी गंमत," साहेब म्हणाले. "ढब्बूला सतरंजीवर सोडा. सगळे आत या. बाळ बाहेर, धोका आत. बघा आता."

चौघं आत गेले. खाट! स्प्रिंग विसरली नाही.

"आता आतून खिट्टी काढून दाखवा," साहेबांनी आव्हान दिलं.

विहीणबाईंनी बोट घालून पाहिलं, चमचा घालून पाहिला, शेवटी खांदा लावून पाहिला. "नाही हो निघत. मानलं तुम्हाला व्याही!"

साहेबांची छाती फुगली. ती फुगलेली असतानाच बायकोनं विचारलं, "अहो, मग आपण बाहेर कसं जायचं?"

साहेबांनी कानामागची पेन्सिल काढून जाळीत खुपसली. टोक मोडलं.

"बाबा!" लेक किंचाळली. "ढब्बू बाहेर एकटा आहे!"

"पेचकस आण गं," साहेब बायकोला म्हणाले.

"कपाटात आहे."

"मग कपाट उघड."

"किल्ली माळ्यावर आहे. बाहेरच्या."

आरडाओरडा ऐकून समोरचे टेलरमास्तर धावत आले आणि दार ठोठावू लागले. "काय झालं? दार उघडा!"

"आम्ही कोंडले गेलोय!"

"मग बाहेर या ना!"

"तुम्ही आत या!"

"दाराला आतून कडी आहे!"

"ती आमच्या सुरक्षेसाठी आहे!" साहेब ओरडले.

इकडे हॉलचा मालक झालेला ढब्बू कामाला लागला होता. त्यानं टेबलाच्या कोपऱ्यावर डोकं आपटून पाहिलं, स्पंज. प्लगमध्ये बोट घालून पाहिलं, झाकण. खण ओढला, जाम. इतकं कंटाळवाणं घर त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. तेवढ्यात त्याला जाळीमागचे चार चेहरे दिसले. प्राणिसंग्रहालयात मुलं बघतात तसं त्यानं एकेकाकडे नीट पाहिलं. मग सोफ्याला धरून तो उभा राहिला. सोफा सोडला.

"श्श!" विहीणबाई पहिल्यांदाच हळू बोलल्या.

एक पाऊल. दुसरं. डुललं, सावरलं. तिसरं. चौथ्या पावलाला तो जाळीवर येऊन आपटला आणि साहेबांच्या नाकासमोर खदखदून हसला.

साहेबांनी डोळे पुसले. "जाळीतून काहीतरी गेलं डोळ्यात."

"मुंगीसुद्धा जायची नाही या जाळीतून," विहीणबाई म्हणाल्या. पण पदर त्यांनीही डोळ्याला लावला होता. मग त्यांनी तो खोचला. "सरका व्याही."

"अहो, पस्तीस किलोचं आहे ते—"

"शाळेत मल्लखांब उचलून नेत होते मी. एक, दोन!" आणि त्यांनी अख्खं दार बिजागऱ्यांतून वर उचलून भिंतीला टेकवलं. त्या आवाजानं ढब्बू धपकन खाली बसला.

मग सुरू झाली मनधरणी. चौघं चार कोपऱ्यांत हात पसरून बसले. "ये ये, चाल चाल!" ढब्बूनं कुणाकडे ढुंकून पाहिलं नाही. मस्त रांगत राहिला. पाऊण तास गेला, चेंडू झाला, चमचे झाले, आजोबांची टोपी झाली. ढब्बू ढिम्म.

"मला कळलं," विहीणबाई म्हणाल्या. "बसवा ते दार परत. चला सगळे आत."

"पुन्हा?" लेक म्हणाली.

"मी आहे ना काढायला."

खाट! चौघं आत. ढब्बूनं जाळीकडे पाहिलं, त्याचा चेहरा उजळला, आणि तो उठून चालायला लागला.

"अहो, सुटलात का?" बाहेरून टेलरमास्तर ओरडले.

"सुटलो होतो! परत आलो!"

दुपारी चहा पिताना लेकीनं निकाल दिला. "सोमवारपासून ढब्बू इथेच. दार इथे आहे, मी काय करू?"

साहेबांनी चहाचा घोट घेतला, पण त्यात इतकं समाधान होतं की तो घशाखाली जायला वेळ लागला. विहीणबाईंनी बशी खाली ठेवली. मग अगदी सहज म्हणाल्या, "व्याही, असलंच एक दार माझ्याकडे बसवायला किती दिवस लागतील हो? स्प्रिंग मात्र हीच हवी."

"तुमच्या चौकटीला नाही बसणार," साहेब म्हणाले.

"तुम्ही माझी चौकट बघितलीत कधी?"

"नाही," साहेब म्हणाले आणि शांतपणे बिस्कीट बुडवलं. टेप न लावता दिलेला त्यांचा एकतीस वर्षांतला हा पहिलाच निकाल होता.