खाली ठेव, मग उचलतो

आमच्या वरच्या मजल्यावरचे खंडेराव अण्णा कुणाच्याही हातातून कुठलीही वस्तू घेत नाहीत. चहाचा कप पुढे केला की ते आधी कपाकडे बघतात, मग टेबलाकडे बघतात आणि म्हणतात, "खाली ठेव, मग उचलतो." बसमध्ये कंडक्टरला ते सुटे पैसे सीटवर ठेवायला सांगतात. एकदा मल्लेश्वरमला एका कंडक्टरने ते खरंच ठेवले, बस वळली आणि नाणी घरंगळली. अर्धी बस खाली वाकून अण्णांची नाणी शोधत होती. त्या अर्ध्या बसमध्ये मीही होतो आणि माझ्या गुडघ्यांना ते अजून आठवतं.

हा सोवळ्याओवळ्याचा प्रकार नाही. अण्णांना जेडचा नाद आहे. जेड म्हणजे ब्रह्मदेशातून येणारा तो हिरवा दगड, ज्याच्यावर चिनी माणूस जीव ओवाळून टाकतो. त्या धंद्याचा दंडक असा की दगड हातातून हातात द्यायचा नाही. देणाऱ्याने टेबलावर ठेवायचा, घेणाऱ्याने उचलायचा. मधल्या मध्ये पडला तर कुणाच्या हातून पडला यावरून भांडण नको. दंडक चांगलाच आहे, पण अण्णांनी तो कोथिंबिरीच्या जुडीलाही लावला.

अण्णांचे पूर्वज तीनएकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे कन्नड मुलखात आले आणि परतीची वाट विसरले. स्वतः अण्णा वीज खात्यातून निवृत्त झाले. मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलो तेव्हा डोक्यावरच मराठी बोलणारा शेजारी मिळाला म्हणून हरखून गेलो होतो. आता इतक्या वर्षांनी जरा दमलोय.

कारण अण्णा पारख करतात. दगड दिसला की तो गालाला लावायचा, डोळे मिटायचे आणि थांबायचं. "खरं जेड लवकर ऊब धरत नाही, मोहना. काच लगेच लाडात येते." मग खिशातून छोटी बॅटरी काढून दगडाच्या आरपार उजेड टाकायचा. आमच्या देव्हाऱ्यातला गणपती त्यांच्या गालाला लागून आला आहे. एका वास्तुशांतीला यजमान सत्यनारायणाला बसले असताना अण्णा स्वयंपाकघरात ओट्यावर गाल टेकून उभे सापडले. "ग्रॅनाइट आहे," ते यजमानीणबाईंना म्हणाले, "पण वाईट नाही."

आणि ते सल्ला देतात. "सोनं काय रे, कुणीपण घेतो," हे त्यांचं वाक्य ऐकून आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांत जेड शिरलं. मीही एक कासव घेतलं. भाव चढले तेव्हा विचारलं, "अण्णा, विकू?" ते म्हणाले, "स्वल्प थांब." आणखी चढले. "स्वल्प थांब." मग बाजारात रंग भरलेला माल आला, तेजाबात धुतलेला आला, पोरंपोरी मोबाइलवर थेट दगड विकायला लागली आणि भाव धाडकन खाली आले. मी पुन्हा वर गेलो. अण्णा म्हणाले, "अय्यो, आता विकतात काय? स्वल्प थांब." सध्या ते कासव आमच्या बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून थांबलेलं आहे.

अण्णांनी जगातल्या सगळ्या हिरव्या वस्तू गालाला लावल्या, पण एक सोडून. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या, उजव्या हातातली बांगडी. लग्नानंतर पहिल्याच वर्षी अण्णांनी ती मद्रासहून आणली होती. जाडजूड, एकसंध, गर्द हिरवी. हात पुढे भरत गेला आणि बांगडी मनगटावरच राहिली. अक्कांना तिचा फार अभिमान. हळदीकुंकवाला बायका पाटल्या दाखवत, तेव्हा अक्का नुसता पदर सावरत, आणि तो नेमका उजव्या हातानेच सावरत.

मागच्या महिन्यात नात पल्लवीचं लग्न ठरलं. अक्कांनी जाहीर केलं की बांगडी पल्लवीला द्यायची. पल्लवी सॉफ्टवेअरवाली. ती म्हणाली, "आजी, आपण लॅबमध्ये टेस्ट करून सर्टिफिकेट घेऊ या. हल्ली त्याशिवाय कुणी मानत नाही."

"घे की," अक्का म्हणाल्या. "तुझ्या अज्जांनी आणलेली आहे. लॅबवाल्यांनापण कळू दे जेड काय असतं ते."

अण्णांनी समोर ठेवलेली कॉफी उचललीच नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला चिकपेटला घेऊन गेले. म्हणजे मी नको म्हणालो आणि गेलो. उन्हात, साड्यांच्या गठ्ठ्यांना चुकवत, एका दुकानाच्या माडीवर. तिथला सेठ दगडांचा जुना व्यापारी. अण्णांनी रुमालातून एक बांगडी काढून टेबलावर ठेवली. सेठने ती उचलली, गालाला लावली, उजेडात धरली. मग म्हणाला, "खंडेरावजी, तेजीत मागितली तेव्हा दिली नाहीत. आता निम्मेसुद्धा येणार नाहीत. पण अजून देत असाल तर मी घेतो."

"विकायची नाही," अण्णा म्हणाले. "खरी आहे ना, तेवढं सांग. माझे डोळे आता म्हातारे झाले."

"तुम्ही मला विचारता?"

"सांग रे."

"खरी आहे."

परतीच्या मेट्रोत मला राग आवरेना. तेजीत विकली नाही, मंदीत विकायची नाही, मग एवढ्या उन्हात माझी वरात कशाला? मी तसं बोललोही. अण्णांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग हळूच म्हणाले, "अक्काच्या हातातली काच आहे रे."

मला आधी कळलंच नाही.

"मद्रासला बंदराजवळ एकजण फुटपाथवर विकत होता. मला काय कळत होतं तेव्हा? पगार दिला त्याला सगळा. घरी आलो, ती इतकी खूश झाली. पुढे कुणीतरी एक खरा दगड हातात दिला, गालाला लावला आणि समजलं. तेव्हापासून तिचा हात मी गालाशी आणला नाही." मग म्हणाले, "तसलाच रंग, तीच जाडी, खरं मिळालं की गुपचूप बदलायची असं ठरवलेलं. शोधता शोधता हे सगळं शिकलो. मिळाली तोवर हिच्या हातातली निघेना. आता लॅबवाला कागदावर लिहून देणार, काच म्हणून. ती चार बायकांत कशी बसेल, सांग."

जन्मभराची ही पारख, ते कासव, तो ओट्यावरचा गाल, सगळं त्या एका फसवणुकीतून निघालं होतं. मला त्यांच्यावर ओरडल्याची लाज वाटली.

रविवारी पल्लवी आली. अण्णांनी मलाही वर बोलावलं. अक्कांनी आधी मनगटाला हळदीचा दोरा बांधून घेतला, सवाष्णीचा हात मोकळा नको म्हणून. मग साबणाचं पाणी, खोबरेल, पुन्हा साबण. अक्का डोळे मिटून "ओढ गं" म्हणत होत्या. शेवटी बांगडी सुटली. पल्लवीने ती पुसली, अण्णांपुढे धरली आणि लगेच जीभ चावली. "सॉरी अज्जा, खाली ठेवते."

"असू दे की. दे," अण्णा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

इतक्या वर्षांत तो हात असा पुढे आलेला मी पाहिला नव्हता. बांगडी त्यांच्या बोटांना लागली, आणि बोटं मिटलीच नाहीत.

"फुटली!" पल्लवी किंचाळली.

"फुटली म्हणू नये. वाढली म्हणावं," अक्का म्हणाल्या.

अण्णा तोवर गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करायला लागले होते. कुणाला हात लावू देईनात. एक तुकडा माझ्या पायाशी आला होता. तुटलेली कड लखलखत होती आणि आत काचेत असतात तसे बारीक बुडबुडे दिसत होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुकडा खिशात टाकला.

पल्लवी रडत होती, चूक तिचीच असल्यासारखी. "रडू नको गं," अण्णा म्हणाले, "माझ्याच हातून पडली." मग ते आत जाऊन रुमाल घेऊन आले. सेठला न दिलेली ती बांगडी त्यांनी टेबलावर ठेवली.

"ही जरा मोठी आहे. घालून बघ," ते अक्कांना म्हणाले. "मग तुझ्याच हाताने दे पोरीला, केव्हा द्यायची ती. ठेवली आहे, उचल."

अक्का जागच्या हलल्या नाहीत. साबणाचा हात तसाच पुढे धरून म्हणाल्या, "मी नाही उचलणार. तुम्ही घाला."

"अगं, ठेवली आहे की."

"दिसतंय मला. घाला म्हणते ना."

अण्णांनी बांगडी उचलली. दुसऱ्या हाताने अक्कांची बोटं मिटवून धरली आणि हळूहळू ती चढवली. या वेळी बांगडी काही पडली नाही. अक्कांनी मनगट फिरवून बघितलं. आणि आम्ही दोघं समोर उभे असताना तो ओला हात त्यांनी सरळ अण्णांच्या गालावर ठेवला. अण्णांचे डोळे सवयीने मिटले.

"थंड लागते?"

"लागते की."

"ती जुनी कधीच थंड नव्हती," अक्का म्हणाल्या.

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. अक्कांनीही हात काढला नाही.