एक माप मोठं

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणालाही मापाचा कपडा शिवून दिला नव्हता. गळ्यात टेप घालून माप अगदी काटेकोर घ्यायचे आणि कापताना एक माप मोठं धरून कात्री चालवायचे. "मोठं आत घेता येतं, लहान ओढून वाढत नाही," हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यावर त्यांचं दुकान चालत होतं आणि गिऱ्हाइकांच्या पँटी घसरत होत्या. समोरच्या घरातले हेडक्लार्क तर मास्तरांनी शिवलेली पँट एका हाताने धरूनच गल्लीतून चालायचे. तक्रार केली की मास्तर म्हणायचे, "हळूहळू अंगाला बसेल." हेडक्लार्क निवृत्तीला आले होते. आता त्यांचं अंग पँटीला बसेल अशी आशा त्यांच्या बायकोनेही सोडली होती.

मास्तरांचं दुकान खाली होतं आणि घर वर. घरातला टीव्ही जुना आणि छोटा होता, पण मास्तर सुखात होते. मग मेहुण्याने मोठा टीव्ही घेतला. घेतला तर घेतला, वर इथे येऊन यांच्या टीव्हीसमोर वाकून म्हणाला, "भावजी, यात माणसं दिसतात की नुसती हालचाल?"

मेहुणा हसला ते मास्तरांनी सोसलं असतं. पण बायकोही हसली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

"रविवारी फायनल आहे ना? आमच्याकडेच या," मास्तर म्हणाले. "बघू काय काय दिसतं ते."

दुसऱ्या दिवशी नवराबायको टीव्हीच्या दुकानात गेले.

"सर, बसायची जागा टीव्हीपासून किती लांब आहे?" सेल्समनने विचारलं.

"भिंत मोजून आणलीय," मास्तर टेप चाचपत म्हणाले.

"भिंत नको सर. बघणार तुम्ही, भिंत थोडीच बघणार आहे?"

बायकोने खोलीचा अंदाज सांगितला. सेल्समनने लगेच मधला टीव्ही दाखवला. "हा तुमच्या खोलीला अगदी मापात."

'मापात' हा शब्द ऐकताच मास्तरांच्या कपाळावर आठी पडली. "यापेक्षा एक माप मोठा कुठला?"

"तो तिकडचा. पण तुमच्या खोलीला तो ढगळ होईल."

"अहो, ऐका त्याचं," बायको कुजबुजली. "टीव्हीला आतून टीप मारता येत नाही."

"आज मोठा वाटेल," मास्तर म्हणाले. "हळूहळू डोळ्यांना बसेल."

टीव्ही आला, पण जिन्यातून वळेना. शेवटी दोर बांधून गॅलरीतून वर ओढला. हेडक्लार्क एका हाताने पँट धरून आपल्या खिडकीतून सूचना देत होते. खोकं फोडायला वेळ लागतो म्हणून मास्तरांनी स्वतः कात्री आणून ते उभं फाडलं. टीव्ही भिंतीवर चढला. भिंत संपली आणि तिच्यावरची बटणंही त्याच्या मागे गेली. त्या वेळी पंखा चालू होता, तो चालूच राहिला. मास्तरांनी कापड मोजायचा लाकडी गज टीव्हीमागे घालून अंदाजाने एक बटण दाबलं. दिवा गेला. मग त्यांनी रेग्युलेटर चाचपला, तेव्हा पंखा पूर्ण वेगात सुटला आणि गज आत अडकला.

टीव्ही लावला तर बातम्या चालू होत्या. मास्तरांच्या आई पदर घट्ट लपेटून सोफ्यावर अंग चोरून बसल्या. "हा बाबा एवढा जवळ का आलाय रे? ऐकू येतं म्हणावं मला!"

मग जुनी मॅच लावून पाहिली. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसलेल्या बायकोला गोलंदाज दिसत होता, उजव्या टोकाला आईंना फलंदाज. मधे मास्तरांना नुसतं गवत.

"आई, चेंडू गेला तुमच्याकडे," बायको म्हणाली.

"आला, आला. मारला त्यानं. आता तुझ्याकडे बघ."

संध्याकाळपर्यंत तिघांच्या माना अवघडल्या.

"परत देऊन टाका," बायको म्हणाली.

"परत?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या दुकानात ठळक अक्षरांत पाटी होती : कापलेला माल परत घेतला जाणार नाही. आणि खोकं त्यांनी स्वतःच्या हाताने कापलं होतं. कुठल्या तोंडाने जाणार बिचारे?

रविवारपर्यंत सोफा मागे मागे सरकत गॅलरीच्या दारात अडकला. दोन पाय खोलीत, दोन गॅलरीत. मेहुणा आला, दारातच थबकला आणि म्हणाला, "बाप रे!"

हेच ऐकायला मास्तरांनी हा सगळा खटाटोप केला होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिच्याही चेहऱ्यावर थोडं कौतुक होतं. मास्तरांना अगदी धन्य वाटलं.

ते धन्य वाटणं नाणेफेकीपर्यंत टिकलं. मग मेहुणा डोळे बारीक करून म्हणाला, "भावजी, कर्णधाराच्या नाकावरचा तीळ दिसतोय. पण नाणं कुठं पडलं?"

तेवढ्यात आई उठल्या. "मी समोर हेडक्लार्कांकडे जाते बाई. त्यांच्याकडे पंखा बंद होतो."

थोड्याच वेळात समोरच्या खिडकीतून त्यांची हाक आली. "सूनबाई! अगं, इथून सगळं दिसतंय! चेंडूसुद्धा!"

"आईंना काही हवंय का बघते," म्हणून बायको गेली, ती आलीच नाही. पहिली विकेट पडली तेव्हा मेहुण्याला फक्त पंचाचं बोट दिसलं. "कोण आउट झालं ते विचारून येतो," म्हणाला आणि मान चोळत जिना उतरला.

मास्तरही चप्पल घालू लागले. तोच समोरून बायको ओरडली, "अहो, तुम्ही तिथंच थांबा! आवाज वाढवा जरा! रिमोट इथून चालत नाही!"

मास्तरांनी टीव्हीच्या खालचं बटण दाबून आवाज वाढवला आणि ते तिथेच स्टुलावर बसले. तिथे पंख्याचा वारा भरपूर होता, मॅच अजिबात नव्हती. समोरच्या खिडकीत मात्र आई, बायको आणि मेहुणा पाय पसरून बसले होते. कपबशा फिरत होत्या.

"भावजी, मानलं तुम्हाला!" मेहुण्याने तिथून हात उंचावला. "टीव्ही घ्यावा तर असा!"

बायकोने मान डोलावली. मास्तरांनीही, जमेल तेवढी, अवघडलेली मान डोलावली.

मग खिडकीत हेडक्लार्क उभे राहिले, पँट एका हाताने धरून.

"मास्तर, मी या महिन्यात नवा टीव्ही घेणार होतो, आता बेत रद्द!" ते आनंदाने ओरडले. "इतक्या वर्षांत तुमच्याकडची ही पहिली गोष्ट मला अगदी मापात बसली!"