मागच्या सीटवरच्या काकू

कृष्णाकाकांनी आयुष्यात एकच थाप मारली, पण ती अशी बसली की सात महिने झाले तरी उठायचं नाव घेईना. थाप तीन शब्दांची होती: "माझं मस्त चाललंय."

ही थाप ते रोज संध्याकाळी फोनवर मीराकाकूंना मारायचे. काकू गेलेल्या पुण्याला, ज्ञानदाच्या बाळंतपणाला. जाताना म्हणाल्या, "दोन महिन्यांत येते." मग बाळाला सर्दी झाली. मग बाळ पालथं पडलं. मग पालथं पडलेलं सुलटं होईना. मग दात यायला लागले. (दात बाळाला येत होते, पण प्रत्येक दाताला आजी लागत होती.)

"जेवलात का?" काकू विचारायच्या.

"जेवलो म्हणजे काय! भरली वांगी केली."

समोर कागदात वडापाव.

पलीकडे काकू ज्ञानदाला सांगायच्या, "बाबांचं छान चाललंय गं. मी राहते अजून." म्हणजे झालं काय, काका जितकं झकास जेवायचे, तितक्या काकू लांब राहायच्या. एकदा फुशारकीत फणसाची भाजी केली म्हणाले, तर मुक्काम तीन आठवड्यांनी वाढला.

म्हणायचं होतं इतकंच, "ये ना आता." पण ते तोंडातून निघेल तर शपथ. काका ऑफिसात डिस्पॅचला. तीस वर्षं जगाची पाकिटं बरोबर पत्त्यावर पोचवली, पण स्वतःची बायको पुण्याहून बोळिंजला मागवायचं काय जमेना. घरात गॅसचा लायटर ओट्याच्या डाव्या बाजूला टांगलेला, कारण काकू डावऱ्या. काका उजवे. सात महिने रोज चहा करताना आडवा हात घालून लायटर काढायचे आणि परत तिथेच टांगायचे. आता अशा माणसाला कोण सांगणार?

तर मग सोसायटीच्या ग्रुपवर ती जाहिरात आली. "गासमध्ये धमाल रविवार! द्राक्षमळ्यातून सायकल, वाईन टेस्टिंग आणि कुकिंग क्लास. फक्त जोडप्यांसाठी." काकांच्या डोक्यात ट्यूब पेटली. 'ये' म्हणायला नको, 'बुकिंग केलंय' म्हणायचं. दोघांचं बुकिंग करून टाकलं आणि फोन लावला.

"मीरा, या रविवारी आपल्या गासला सायकल चालवायचीय. वाईन पण आहे."

"तुम्हाला ताप आलाय का?"

"नाही गं. दोघांचं बुक झालंय."

"अहो, सोमवारी बाळाची लस आहे. घेऊन जा ना कुणाला तरी. तुमचं एवढं मस्त चाललंय…"

"हो, मस्तच चाललंय," काका म्हणाले. (घ्या! आपल्याच पायावर धोंडा, तोही स्वतः उचलून, नेम धरून.)

रविवारी काका एकटेच जवळच्या गास गावात पोचले. फाटकावर युजीन उभा. ही टूर काढलेली त्यानेच. स्वयंपाक शिकवणार त्याचे वडील, मार्सेल अंकल, जहाजावर अठ्ठावीस वर्षं कुक होते ते. अजून एक जोडपं होतं, हर्षवर्धन आणि अनुष्का. लग्नाला चार महिने झालेले, त्यामुळे दोघं एकमेकांना चिकटून उभे, जणू सुटले तर हरवतील.

"अंकल, आंटी कुठायत?" युजीनने विचारलं.

"मागून येतायत."

"मागून म्हणजे?"

"पुण्याहून."

युजीनने दोन माणसांची लांबलचक सायकल काढून दिली. दोन सीट, दोन हँडल, पेडलच्या दोन जोड्या. वर दोन हेल्मेट, एक निळं, एक गुलाबी.

"मला एकच पुरे रे."

"कपल पॅकेजमध्ये दोन्ही कंपल्सरी आहेत."

काकांनी गुलाबी हेल्मेट मागच्या हँडलला अडकवलं. "आणि द्राक्षमळा?"

युजीनने बोट वर केलं. अंगणातल्या मांडवावर एक वेल चढलेला. एकच. चार घोस होते, त्यातले दोन पाखरांनी खाल्लेले.

"हा काय. बाकी रस्ताभर केळीच आहेत, पण जाहिरातीत केळी लिहिलं की कोण येत नाय."

हर्षवर्धन-अनुष्का फुर्रकन पुढे गेले. काका मागे, डुलत डुलत. दोन माणसांची सायकल एकट्याने चालवायची म्हणजे रिकामा पलंग घेऊन वरात काढल्यासारखं. वळण आलं की पुढचा काका वळायचा आणि मागची सीट विचार करून मग यायची. आणि गाव काय गप्प बसणारं?

"काका, काकू पडल्या!" दुकानाच्या पायरीवरून एक जण ओरडला.

"काका, मागचा डबा सुटला!"

"काका, अर्धं तिकीट फाडलं काय?"

पहिल्यांदा काका लाजले. दुसऱ्यांदा हसले. दहाव्यांदा नुसता हात वर करून म्हणायला लागले, "माहीतय! माहीतय!"

मग घरं संपली. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या, पाटात पाणी खुळखुळतंय, सावली रस्त्यावर आलेली. आणि काकांना कळलंच नाही ते कधी बोलायला लागले.

"मीरा, ती बघ केळी. लोंगर बघ केवढा. तुला वेलची केळी आवडतात ना? आमच्याकडे— म्हणजे आपल्याकडे, पाणी आता सकाळी सातला येतं. वरच्या मजल्यावरच्यांनी कुत्रा घेतलाय. तो तुझ्या चपला हुंगतो गं रोज. मी दारातच ठेवल्यात. घरात कुणी आहे असं वाटतं."

रस्ता पुढे बावखलाच्या काठाने जातो. बावखल म्हणजे वाड्यांच्या मधोमध गोड्या पाण्याचं तळं, शिंपण्यासाठी. काठाला लागून भागूबाईची वांग्याची वाडी. भागूबाई वाकून वांगी तोडत होती आणि केळीआडून येणाऱ्या केळ्यांच्या, चपलांच्या गप्पा ऐकत होती. मग आवाज जवळ आला, "दमलीस का मीरा?" म्हणून तिने मान वर केली. बघते तर एक माणूस मागच्या बाईशी गप्पा मारत चाललाय आणि मागे बाईच नाही! तेवढ्यात खड्डा आला, सायकल धाडकन उडाली, आणि मागचं गुलाबी हेल्मेट टणाटण उड्या मारत बावखलात. डुबुक.

"अरं ए बाबा!" भागूबाई ओरडली. "तुझी बाय पडली!"

काकांनी मागे न बघताच हात वर केला. "माहीतय! माहीतय!"

भागूबाईच्या हातातली टोपली गळाली.

"माहीत हाय म्हनतो मेला! धर्माऽऽ! अरं धाव! बाय पान्यात पडली न् हा हात हलवत चालला!"

तिचा मुलगा धर्मा केळीतून धावत आला, त्याच्या मागे शेजारची सहा माणसं. धर्माने शर्टासकट उडी मारली. पाणी गळ्यापर्यंत, खाली चिखल. अर्धा तास बावखल घुसळलं. निघालं काय, तर गुलाबी हेल्मेट, एक चप्पल आणि भागूबाईची तीन वर्षांपूर्वी हरवलेली पितळेची घागर, जिच्यावरून तिने सुनेशी बोलणं टाकलेलं. सून काठावरच उभी होती. भागूबाईने घागर बघितली, सुनेला बघितलं, आणि जास्तच जोरात ओरडली, "त्या मानसाला पकडा आधी!"

इकडे काका युजीनच्या मांडवाखाली वाईन पीत बसलेले. पोचल्यावर युजीनने विचारलेलं, "गुलाबी हेल्मेट?" काका म्हणालेले, "येईल मागून." (सवय.) वाईन घरची, जांभळाची. ग्लास कसा फिरवायचा, कसा हुंगायचा ते युजीन दाखवत होता.

"कसला वास येतोय?"

"लाकडाचा," हर्षवर्धन डोळे मिटून म्हणाला. "जुन्या, ओल्या लाकडाचा."

"ढगांचा," अनुष्का म्हणाली. (ढगांना कुठे वास असतो? पण चार महिन्यांच्या लग्नात असतो.)

काकांनी ग्लास हुंगला, मग परत एकदा हुंगला.

"अंकल, तुम्हाला?"

"खोकल्याच्या औषधाचा. ज्ञानदा लहान होती तेव्हा मीरा तिला चमच्याने पाजायची. आधी मला एक चमचा प्यायला लावायची, कडू नाही हे दाखवायला. तीन वर्षं मी खोकला नसताना औषध प्यायलोय."

मार्सेल अंकलनी गुपचूप त्यांचा ग्लास परत भरला.

मग क्लास. फुगिया शिकायच्या होत्या. आंबवलेलं पीठ मुठीत घ्यायचं, अंगठ्यापाशी बुडबुडा काढायचा आणि टपकन तेलात सोडायचा. बाहेर येतो तो गोल, टम्म, आतून पोकळ. मार्सेल अंकलच्या हातून चेंडू पडत होते. काकांच्या हातून काय पडत होतं ते देवाला माहीत. एकाला शेपूट आली, एकाला कान.

"असू द्या," मार्सेल अंकल म्हणाले. "पोटात गेल्यावर सगळे गोल."

तितक्यात फाटक धाडकन उघडलं. पुढे भागूबाई, बाजूला चिखलाने माखलेला धर्मा, हातात गुलाबी हेल्मेट, मागे पंधरा-वीस माणसं. काकांच्या एका हातात वाईन, दुसऱ्या हातात पीठ, तोंडावर हसू. म्हणजे गुन्हेगार जसा दिसायला पाहिजे अगदी तसाच.

"हाच तो!" भागूबाई म्हणाली. "बायकोला पान्यात टाकून इथं पार्टी करतो!"

"बायको? माझी?"

"मग काय माझी? कुठं हाय तुझी बाय?"

"पुण्याला!"

"बावखलात पडून पुन्याला निघाली?" धर्माने कानातलं पाणी झटकलं.

"अहो, ती सात महिने पुण्यालाच आहे!"

"मंग मागं कोन होता? कोनाशी बोलत होतास? मी काय बहिरी हाय?"

काकांनी खाली बघितलं. हातातलं पीठ चुलीवरच्या तेलात पडलं आणि त्याची पहिली गोल फुगी झाली, पण ती बघायला कुणाला वेळ होता!

"लाव फोन," भागूबाई म्हणाली. "सगल्यांच्या देखत लाव. मोठ्या आवाजात."

काकांनी पिठाच्या बोटाने फोन लावला. पलीकडून काकू म्हणाल्या, "हॅलो, झाली का सायकल?"

भागूबाईने फोन हिसकावला. "बाय, तू जिती हायस?"

"अं? कोण बोलतंय? ह्यांना काय झालं?"

"त्याला काय होतंय! मी गासची भागूबाई. तुझा नवरा रिकाम्या सीटशी बोलत चाललेला. मीरा ती बघ केली, मीरा तू दमलीस का, तुझ्या चपला दारात ठेवल्यात. मला वाटला बाय पडली. माझा पोरगा अर्धा तास पान्यात!"

मांडवाखाली वीस माणसं फोनकडे बघत उभी.

"द्या त्यांना," काकू म्हणाल्या. काकांनी फोन घेतला.

"अहो, खरं सांगा. जेवता काय तुम्ही?"

"वडापाव."

"आणि भरली वांगी?"

"वडापाव."

"फणसाची भाजी?"

"तो पण वडापावच होता गं."

अनुष्काने नाक पुसलं. भागूबाईने पदर तोंडाला लावला, हसायला की रडायला ते कळलं नाही.

"मी परवा येते," काकू म्हणाल्या.

"नको नको, कशाला उगाच, माझं मस्त चा—"

मार्सेल अंकलनी गरम फुगी उचलून काकांच्या तोंडात कोंबली. थाप तिथेच बंद.

काकू आल्या. दार उघडल्यावर काकांनी आधी त्यांचा चेहरा नाही, बॅग बघितली. छोटी होती. आठवडाभराची. काकूंनी आत जाऊन लायटर जागेवर बघितला, काकांकडे बघितलं आणि डाव्या हाताने गॅस पेटवला. काका पाच दिवस मनात 'राहा ना, जाऊ नकोस' घोकत होते. तोंडावर म्हणायची वेळ आली की बाहेर निघायचं, "चहा घेतेस?" काकू पाच दिवसांत छत्तीस चहा प्यायल्या.

रविवारी युजीनचा फोन आला. "अंकल, आंटी आल्यात ना? मग तुमची खरी फेरी बाकी आहे. घेऊन या."

काकांना वाटलं, हेच बरं. पुढे बघून बोलायचं. तोंडावर नाही जमत तर पाठ करून जमेल.

सायकल निघाली. पुढे काका, मागे गुलाबी हेल्मेट घातलेल्या साक्षात काकू. दुकानाच्या पायरीवर कुणी काही बोललं नाही. उलट टाळ्या वाजल्या. काका पाण्याच्या वेळेचं बोलले, कुत्र्याचं बोलले. मागून "हं… हं…" येत होतं. बावखलापाशी काका जरा थांबले, पाय टेकले, घाम पुसला, परत निघाले. मागून "हं" यायचं बंद झालं. काकांना वाटलं, गहिवरली.

"अरं ए बाबा!" वाडीतून भागूबाईचा आवाज आला. "बाय उतरली तुझी!"

"माहीतय! माहीतय!" काकांनी हात वर केला. भागूबाईला पण सवयच झाली मस्करीची.

केळीची सावली आली. काकांनी हँडल घट्ट धरलं आणि सात महिन्यांचं एका दमात बाहेर काढलं.

"मीरा, मला काही जमत नाही. एकट्याचा चहासुद्धा दोन कप होतो. मग दुसरा कप समोर ठेवून मी बसतो. बाळाला आजी पाहिजे, कळतं मला. पण मला पण तू पाहिजेस गं. जाऊ नकोस. म्हटलं बघ! राहशील?"

मागून काही नाही. काका थांबले, लाजत लाजत वळले. मागच्या सीटवर नुसतं गुलाबी हेल्मेट लटकत होतं.

खिशात फोन वाजला.

"अहो, किती पुढे गेलात? मी मघाशीच उतरले. भागूबाईंची वांगी बघतेय. तुम्ही आपले निघालात बोलत बोलत. काही म्हणत होतात का?"

काकांनी रिकाम्या सीटकडे बघितलं. केळीकडे बघितलं. परत एकदा तोंड उघडलं.

"नाही गं. काही नाही. माझं मस्त चाललंय."

"बरं झालं," काकू म्हणाल्या, आणि मागे भागूबाई खो खो हसायला लागली. "मग मंगळवारी निघते पुण्याला. वांगी दोन किलो घेऊन ठेवतेय. तुम्हाला भरली छान जमतात ना!"