संत आंतोनियोंचा अर्धा फेरा

चर्चच्या वेबसाइटवरचा संत आंतोनियोंचा फोटो जरासा कलला होता. तेवढाच फेर्मीनला सरळ करायचा होता. हे काम त्याला सासूबाईंनी, म्हणजे दोन्या ओर्तेन्सियांनी, फादरांकडे शब्द टाकून मिळवून दिलं होतं. "यात गोंधळ घातलास, तर सोमवारी पहाटे चारला माझ्या टॉर्टियाच्या दुकानात मका दळायला यायचं," असंही बजावलं होतं. लग्नाला दीड महिना झालेल्या जावयाला याहून प्रेमळ शब्दांत कोण सांगणार?

फोटो किती फिरवायचा, तो आकडा फेर्मीनने कोडमध्ये लिहिला: अर्धा. पुढे 'अंश' लिहायचं ते 'फेरा' लिहून बसला. (एकदा उघडून बघायला हवं होतं. पण तो रविवारी वेबसाइट दाखवायच्या समारंभासाठी शर्टाला इस्त्री करत होता.)

रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर फादर आन्सेल्मोंनी भरल्या हॉलमध्ये पडद्यावर वेबसाइट उघडली. संत आंतोनियो, कडेवरच्या बाळ येशूसकट, डोक्यावर उभे!

नवरा मिळावा म्हणून गावातल्या मुली याच संताला उलटं ठेवतात आणि स्थळ येईपर्यंत सरळ करत नाहीत. पण ते आपापल्या कपाटात. फादर तर दरवर्षी त्यावर तासभर तोंडसुख घेत.

"सरळ कर त्यांना!" फादर गरजले.

"हात तर लावून बघ!" थोरली मेहुणी रेमेदियोस ताडकन उठली. "माझा वीतभर संत चौदा वर्षं उलटा आहे, ढिम्म हलत नाही. हा भिंतीएवढा आहे. राहू दे तसाच!"

मागच्या चार बाकांनी टाळ्या वाजवल्या.

घाबरून फेर्मीनने फोटोभोवतीची सगळी चौकटच अर्धा फेरा फिरवली. उलट्याचे पुन्हा उलटे होऊन संत सरळ झाले. त्याच चौकटीतला फादरांचा हसरा फोटो मात्र खाली डोकं, वर पाय!

"अगबाई, फादर," रेमेदियोस म्हणाली, "तुमच्यासाठी कोण स्थळ बघतंय?"

हॉल खदखदून हसला. फादर टोमॅटोसारखे लाल झाले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सोमवारी. चारला."

फेर्मीनने आशेने बायकोकडे पाहिलं. नेरेइदा चारचौघांत सहसा बोलत नसे. आताही ती आईच्या कानाशीच कुजबुजली. पण हॉल नेमका तेव्हाच शांत झाला होता.

"माझंच चुकलं, आई. पहिलंच स्थळ आलं आणि मी आठव्या दिवशी संताला सरळ केलं. ताईसारखा दम धरायला हवा होता."