सध्या उभं हाय

माणिकमामा कुणाच्याही घरी गेला की आधी वर बघतो. माणसांकडे नंतर. घरधनी हात जोडून दारात उभा, त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन मागे, आणि मामा उंबऱ्यावरच थांबून, मान मागे टाकून छत निरखतोय. नवखी माणसं गोंधळतात. कुणाला वाटतं जळमटं दिसली, कुणाला वाटतं पाल. एका ठिकाणी तर घरमालकाने घाईघाईने पंखा सुरू केला. मग मामा भिंतीवर दोन बुक्क्या मारतो, कान लावतो आणि निकाल देतो, "सध्या उभं हाय."

हे त्याचं सर्वांत मोठं कौतुक. यापुढे तो जात नाही. लातूरच्या एका इंजिनिअरने स्वतःच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला हे ऐकलं आणि बिचाऱ्याचं जेवणात मन लागेना. "मामा, दुप्पट लोखंड घातलंय, घर पक्कं आहे हो!" मामा शांतपणे म्हणाला, "असंल की. मी कुठं न्हाई म्हणायलोय? सध्या उभं हाय."

'पक्कं' हा शब्द मामाच्या तोंडात नाही. पावती पक्की नाही, रंग पक्का नाही, सोयरीकसुद्धा पक्की नाही. सगळं फार तर 'ठरलंय'. हे मला लहानपणापासून माहीत होतं. का, ते मात्र फार उशिरा कळलं.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुठेही, कुणी न विचारता सांगते, इथेही सांगितलं. आणि ते मामामुळे, हेही लगेच सांगते. आमचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंपाच्या साली गणपती विसर्जन बघायला मी मामाकडे लातूरला आले होते, म्हणून वाचले. गावात आमचं घर दगडामातीचं, हातभर जाडीच्या भिंतींचं. त्यात माझे वडील आणि आजी गेले. मायला मामाने स्वतःच्या हातांनी दगड उपसून बाहेर काढलं. त्यापुढचं मी लिहीत नाही. आमच्या भागात ते प्रत्येक घराजवळ आहे.

मग मायही मामाकडे आली आणि आम्ही दोघी कायमच्या तिथेच राहिलो. पण स्लॅबखाली झोपेना. मामाने अंगणात पत्र्याचं शेड घातलं, म्हणाला वर्षभर राहू दे. ते शेड आजही आहे, मायही त्यातच झोपते. पावसाळ्यात वर ताशा वाजतो, उन्हाळ्यात आत भट्टी पेटते, ती म्हणते, "पत्रा पडला तर खोक पडंल. जीव जायचा न्हाई."

मग लातूरला क्लासेसचं वारं आलं. धर्माबाद, अर्धापूर, चाकूर, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला येऊ लागली. गल्लीतल्या प्रत्येकाने घरावर मजले चढवले, खोल्या भाड्याने दिल्या. मामानेही पोरं ठेवली, मेस चालवली, पण मजला चढवला नाही. आजूबाजूला चार-चार, पाच-पाच मजले आणि मधे मामाचं बैठं घर. बाकावर उभं केलेल्या पोरांमधे एकटंच खाली बसलेलं पोर दिसावं, तसं. मामी म्हणायची, "अवो, एक तरी मजला काढा की." मामा म्हणायचा, "लेकरं दुसऱ्याची हायेत. डोक्यावर जेवढं कमी तेवढं बरं."

त्या पोरांकडून तो कवायत करून घ्यायचा. कधीही, कुठल्याही वेळी, मामा स्टीलच्या परातीवर उलथनं बडवायचा आणि पोरांनी हातातलं सोडून अंगणात यायचं. पुस्तक नाही, मोबाईल नाही, चप्पल नाही. एकदा एक जण आंघोळीतून टॉवेलवर आला, त्याचा मामाने सगळ्यांसमोर सत्कार केला. शेजारच्या हॉस्टेलची पोरं परातीचा आवाज ऐकून ताटं घेऊन यायची. त्यांना वाटायचं, इकडे लवकर जेवण मिळतं. एका वर्षी योगायोगाने मामाकडच्या दोन पोरांचा मेडिकलला नंबर लागला. झालं! परात वाजवली की एकाग्रता वाढते, असं गावभर झालं. पुढच्या हंगामात समोरच्या हॉस्टेलच्या पत्रकात छापून आलं : 'अचानक कवायतीची सोय.'

माझंही लग्न या छतापायी तीनदा जमता जमता राहिलं. शेवटी नांदेडचं रेल्वेतलं स्थळ जमलं, कारण मुलाचं क्वार्टर बैठं होतं. पगार, पत्रिका मामाने नंतर विचारली. नवरा आजही म्हणतो, "मला तुझ्या मामानं न्हाई, माझ्या कौलांनी पास केलं."

तर असा हा मामा एका दिवाळीत मला म्हणाला, "सुरे, इजिप्तला जायचं."

भिंतीवर सिमेंटच्या दुकानातून आलेलं कॅलेंडर होतं. त्यावर पिरॅमिड. मामा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसला होता.

"किती जुनं असंल हे?"

मी नांदेडला क्लासमधे बायोलॉजी शिकवते, इतिहास नाही, पण एवढं माहीत होतं. म्हटलं, "साडेचार हजार वर्षं तरी."

"सिमेंट कोणतं?"

"सिमेंट नव्हतंच तेव्हा, मामा."

"मग कशाचं हाय?"

"दगडाचं."

मामाने खुर्ची कॅलेंडरजवळ ओढली. मग म्हणाला, "दगड तर आपलाबी हुता." आणि चित्रातल्या वाळूवर बोट ठेवून, "पर तिकडं जमीन हलत नसंल."

मी मोबाईलवर शोधून सांगितलं, की हलते. तिकडेही भूकंप होतात, शहरात घरंही पडली आहेत, पण हे उभं आहे. मामा खुर्चीतून उठला. लातूरमधे राहून माणूस दुसरं काय म्हणणार? म्हणाला, "म्हंजी परीक्षा देऊन पास झालंय! ठरलं. अक्काला दाखवायचं."

अक्का म्हणजे माझी माय. ती अंगणात शेंगा फोडत होती. तिने सगळं ऐकलं होतं. मान वर न करता म्हणाली, "दगड बघायला येवढ्या लांब? दगड लई बघितले मी. तुम्ही जाऊन या."

मामाचा चेहरा उतरला. पण बेत त्याने सोडला नाही. "अक्का न्हाई तर कुणीच न्हाई," असं जाहीर केलं आणि तयारी मात्र सुरू ठेवली. पासपोर्टसाठी मायला नेलं, तर ती म्हणाली, "फोटू काढते, येणार न्हाई." मामा रोज संध्याकाळी मामीला घेऊन मांजरेच्या पात्रात वाळूत चालायचा सराव करू लागला. मामी चप्पल हातात घेऊन मागून ओरडायची, "वाळूच तुडवायची तर इजिप्त कामून? हितंच ऱ्हावा की!"

लातुरात इस्माईलभाईंचं ऑफिस आहे. त्यांच्या वडलांपासून हज-उमऱ्याला माणसं पाठवतात. साऱ्या गावात त्यांच्याइतकं वाळवंट कुणाला ठाऊक नाही. मामाने त्यांना गाठलं. आत शिरताना वर बघितलं, बुक्क्या मारल्या, निकाल दिला, मग बसला. मी सोबत होते.

"हॉटेलात डोक्यावर काय हाय?"

"छत आहे, मामा," इस्माईलभाई म्हणाले. "तुम्हाला काय पायजे, चांदण्या?"

"छतावर किती मजले?"

"अल्ला! आजवर शेकडो लोकं पाठवली. कुनी खाणं विचारतं, कुनी पाणी. हे कुनी विचारलं नाय."

"म्हणून तर मी इचारलं. आन् विमानात डोक्यावर काय हाय?"

"विमानात? डोक्यावर आसमान आहे, मामा."

"मग विमानाचं काय न्हाई," मामा म्हणाला. खाली काय आहे, ते त्याने विचारलं नाही. इस्माईलभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे.

पण माणूस भला. मामा रोज यायला लागला, तरी त्यांनी चहा कधी चुकवला नाही. आणि अक्का कोण, स्लॅबखाली का झोपत नाहीत, हे मामाने एकदा त्यांना सांगितल्यावर त्यांनी थट्टा बंद केली. आठ-पंधरा दिवसांनी स्वतःच घरी आले. अंगणातच बसले, मायच्या शेडसमोर.

"अक्का, तिकडे रेतीत तंबू मिळतात. पिरॅमिड बगायचा आन् रात्री तंबूत. कापडाचा. एक बी दगड नाय डोक्यावर."

माय शेंगा फोडता फोडता थांबली. "कापडाचा?"

"कापडाचा. कसम से."

"मग येते," माय म्हणाली.

मामाला इतका आनंद झाला, की त्याने परात बडवली. घरातली सगळी पोरं अंगणात आली. त्यांना वाटलं कवायत.

मला वाटलं, तंबूने काम केलं. निघायच्या आदल्या दिवशी मी आणि माय शेंगदाण्याची चटणी कुटत होतो. मामाने सगळ्यांसाठी धपाटी, चटणी आणि कांदे घ्यायला लावले होते. इजिप्तचा कांदा त्याला मान्य नव्हता. मी म्हटलं, "माय, तंबू निघाला म्हणून बरं झालं. न्हाईतर तू आली नसतीस."

"तंबूसाठी न्हाई चालले मी," माय म्हणाली. "मी माणिकसाठी चालले."

आणि उखळात हात तसाच ठेवून तिने जे सांगितलं, ते मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. मायचे वडील तिच्या लग्नाआधीच वारलेले. त्यामुळे स्थळं बघायला गेला तो मामा. मिसरूड फुटायच्या वयाचा. दोन स्थळं होती. एक शाळामास्तर, गावाकडेला पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणारा. दुसरं माझ्या वडिलांचं. मामाने दोन्ही घरं बघितली. आमच्या वाडवडिलांच्या दगडी भिंतीला बुक्क्या मारून बघितल्या. हात दुखला, तेव्हा त्याला बरं वाटलं. परत आला आणि पायरीवर बसून बहिणीला म्हणाला, "अक्का, काळजी करू नको. घर पक्कं हाय."

"तुझ्या बापासंगं मी सुखात हुते, सुरे," माय म्हणाली. "माणिकला मी कितीदा सांगितलं. पर त्यो दिस झाल्यापासून माणिक घरात आला की आधी वर बघतो. मग खाली बघतो. माझ्या तोंडाकडं सरळ बघत न्हाई. येवढी वर्सं एका घरात ऱ्हातो आम्ही." तिने मुसळ उचललं. "त्येला वाटतं, मला दगड दावायचा हाय. दावू दे."

मी चटणीत मीठ घातलं. नंतर कळलं, दोनदा घातलं होतं. इजिप्तभर सगळे पाणी पीत होते.

विमानात मामा निवांत झोपला. विमानतळावर मात्र त्याने मान मागे टाकून छत बघितलं, तेव्हा तिथला एक पोलीसही वर बघू लागला आणि त्याच्यामागे लाइनीतले सगळे. ओळखपाळख नसलेली माणसं अशी हलवायला मराठवाड्यातलाच माणूस लागतो. मला त्याचा त्या क्षणी एवढा अभिमान वाटला, की मी सोबत आलेल्या नवऱ्याला म्हटलं, "फोटो काढ." पोलिसाने काढू दिला नाही.

रात्र तंबूत काढून दुसऱ्या दिवशी आम्ही पिरॅमिडपाशी उभे राहिलो. फोटोत तो कॅलेंडरएवढा असतो. जवळ गेल्यावर एकेक दगड माणसाच्या छातीपर्यंत येतो आणि वरचा दगड दिसतच नाही. देशोदेशीची माणसं माना मागे टाकून उभी होती. मामीची टोपी मागे पडली. नवऱ्याचं तोंड उघडं. मला वाटलं, आता मामाचा खरा दिवस. साऱ्या जगाला आज त्याची सवय लागलीय.

मी वळून बघितलं. त्या सगळ्या गर्दीत वर न बघणारा एकच माणूस होता. मामा मायच्या समोर दोन पावलांवर उभा होता आणि तिच्या तोंडाकडे बघत होता. सरळ. पापणी न हलवता, दहावीचा निकाल बघायला आलेल्या पोरासारखा.

माय पुढे गेली. तळहात दगडावर ठेवला, उन्हाने तापला होता तरी काढला नाही. मग मूठ वळून दोन बुक्क्या मारल्या. कान लावला. पदराने हात पुसला आणि भावाकडे वळली.

"पक्कं हाय, माणिक," माय म्हणाली.

मामाचे ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणेल, सध्या उभं हाय.

"हाव, अक्का," तो म्हणाला. आणि मग, तिथे आल्यापासून पहिल्यांदाच, त्याने मान मागे टाकली.