तेवीस करांदे

पिशवी ओतली तेव्हा तेवीस करांदे निघाले: मोठे सहा, मध्यम अकरा, लिंबाएवढे सहा. वेलीला लागणारे हे कंद उमरठहून बनुबाईंनी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवले होते. बनुबाई म्हणजे जानकीबाईंची थोरली जाऊ. गेल्या वर्षी त्यांच्याच ओटीवर, पाहुण्यांसमोर, जानकीबाईंनी "कडू हाय!" म्हणत करांदा थुंकला होता. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. आणि आज सकाळी फोन आला, "उकडून ठेव. चारच्या गाडीनं येते. दोघी बसून खाऊ."

"वर्षभर बोलली नाय, नि आता करांदे?" बिरवाडीच्या आपल्या स्वयंपाकघरात जानकीबाई म्हणाल्या. "यात एक कडू घातला असनार. मी तोंड वाकडं केलं की ही नातं कायमचं तोडायला मोकळी."

"मग नको करू वाकडं," त्यांचे यजमान दत्ताराम म्हणाले.

साल बघून करांद्याचं कडूपण कळत नाही. मोदकपात्रात मीठ लावून वाफवून झाल्यावर जानकीबाईंनी पहिला नवऱ्यापुढे धरला.

"मीच का?"

"तुमच्या भावाची बायको हाय ती. खा."

"गोड हाय."

"यांना कारलं पण गोड लागतं. अनुपमा, तू बघ गो."

सून अनुपमा जवळच्या कारखान्यात केमिस्ट होती. तिने दुसरा खाल्ला. "चांगलाय, आई. पण यावरून बाकीच्यांचं सांगता येत नाही. एक ड्रम पास झाला म्हणून शेजारचा पास होत नाही."

जानकीबाईंना हे फार पटलं.

"नुसतं टोक कापून चाखू या," दत्ताराम म्हणाले.

"नि कापलेला बघून तिला कळनार नाय, तपासलाय ते?"

म्हणून कापलेला प्रत्येक करांदा संपवणं भाग पडलं. बाराव्यानंतर दत्ताराम भिंतीला टेकले. चार वाजता एकच उरला.

"हाच!" जानकीबाई कुजबुजल्या. "बावीस गोड निघाले, म्हंजे कडू यातच."

तिघांनी तो वाटून खाल्ला. अनुपमाने दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर लिहिलं: तपासले तेवीस, कडू शून्य, शिल्लक शून्य. जानकीबाईंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आता वाढायचं काय?

तेवढ्यात बनुबाई दारात उभ्या. त्यांनी रिकामं मोदकपात्र पाहिलं, मग सालींचा ढीग.

"सगले खाल्ले?"

दत्तारामांनी ढेकर दाबला.

"माझी वाट बी नाय बघितली?" बनुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "इतके आवडले होय गो, जानके! नि मी वर्षभर रुसून बसले!"

त्यांनी हातातल्या पिशवीतून आणखी सात काढले. "हे कुंपणावर आपसूक आलेले. यांचा काय भरोसा नाय हां."

अनुपमाने सासूकडे पाहिलं. बनुबाई समोरच बसून होत्या. तपासायला वाव नव्हता. वीस मिनिटांनी दोघी जावा ताटं घेऊन बसल्या. तिसरा करांदा खाताना जानकीबाई मध्येच थांबल्या.

"कसा हाय?" बनुबाईंनी विचारलं.

जानकीबाईंनी घास गिळला. "गोड हाय, वैनी," त्या म्हणाल्या आणि पाठोपाठ दोन तांबे पाणी प्यायल्या.

बनुबाई गेल्यावर अनुपमाने सासूच्या ताटातल्या सालींना चिकटलेला गर जिभेवर ठेवून पाहिला. मग कॅलेंडरवर खालच्या चौकोनात लिहिलं: तपासले सात, कडू एक.